जतचा पाहुणा आणि पुण्याचे प्राध्यापक : उतारवयातील क्रिकेटचा एक विचार

दक्षिणेतील लहान संस्थानांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः सनदा, वतने, करारनामे आणि वसुलाचे आकडे यांवर खिळलेली असते. हे स्वाभाविक आहे. दप्तरात जे जपले गेले तेच प्रथम हाती लागते. परंतु संस्थानिकांनी काही गोष्टी निव्वळ आवडीपोटी केल्या, आणि त्यांपैकी एखाद्या गोष्टीचा परिणाम त्यांच्या गादीहूनही अधिक काळ टिकला. जत संस्थानाच्या बाबतीत तशी एक गोष्ट १९३८ च्या सुमारास घडली. तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय क्रिकेटचा आहे, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो हलका समजू नये; कारण त्यामागचा प्रश्न खेळापुरता नाही. मनुष्याचे कर्तृत्व संपले, हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे, असा तो प्रश्न आहे.

जत हे डफळे घराण्याचे संस्थान होते. हे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे झाले. आदिलशाही, मोगलाई आणि सातारकर छत्रपती अशा तिन्ही सत्तांखालून गेलेले हे घराणे पुढे साताऱ्याच्या जहागीरदारांत मोडू लागले. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर औंध, फलटण, भोर आणि अक्कलकोट यांच्याप्रमाणे जतचाही संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. सुमारे हजार चौरस मैलांचा हा मुलूख पर्जन्यछायेचा, कोरडा, मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बोलणारा. पतियाळा, नवानगर किंवा होळकर यांच्या खजिन्याशी त्याची तुलना करण्याचे कारण नाही. पतियाळाच्या महाराजांनी फ्रँक टॅरंटसारखा ऑस्ट्रेलियन खेळाडू पदरी ठेविला, यात नवल नव्हते. जतच्या विजयसिंहराव डफळे यांनी क्लॅरी ग्रिमेट यांना आपल्या संस्थानात शिक्षक म्हणून बोलाविले, यात मात्र नवल आहे. कारण ग्रिमेट हे त्या वेळी जगातील सर्वांत अधिक कसोटी बळी मिळविलेले गोलंदाज होते.

हा मनुष्य जतच्या माळावर आला कसा, याचे उत्तर त्याच्या वयात आहे.

क्लॅरेन्स व्हिक्टर ग्रिमेट यांचा जन्म २५ डिसेंबर १८९१ रोजी न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे झाला. व्यवसायाने ते दुकानांच्या पाट्या रंगविणारे. न्यूझीलंडहून १९१४ साली सिडनीस, तेथून मेलबर्नला आणि अखेर १९२४ साली ॲडलेडला असा त्यांचा प्रवास झाला. पहिला कसोटी सामना खेळण्याची संधी त्यांना १९२५ साली सिडनी येथे मिळाली, तेव्हा त्यांचे वय तेहेतीस होते. त्या एका सामन्यात त्यांनी ८२ धावांत ११ बळी घेतले. ज्या वयात इतर गोलंदाज निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात हा मनुष्य प्रारंभ करीत होता. घराच्या परसात स्वतः तयार केलेल्या खेळपट्टीवर ते तासन्‌तास एकटे चेंडू टाकीत, आणि ते परत आणून देण्यासाठी त्यांनी एक कुत्रा शिकवून ठेविला होता, ही हकिकत प्रसिद्ध आहे. 'फ्लिपर' हा फसवा चेंडू त्यांनी अशाच एकांतात वर्षानुवर्षे घोटला. आपल्याकडे गवयाच्या रियाजाविषयी ज्या आदराने बोलले जाते, त्याच आदराने या परसातील मेहनतीविषयी बोलावयास हरकत नाही.

१९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात ग्रिमेट यांनी पाच कसोटी सामन्यांत ४४ बळी मिळविले. शेवटच्या तिन्ही सामन्यांत प्रत्येकी दहा किंवा अधिक बळी, आणि दर्बनच्या अखेरच्या सामन्यात तेरा. त्यांची एकूण बळींची संख्या ३७ सामन्यांत २१६ झाली. दोनशेचा आकडा त्यापूर्वी कोणी गाठला नव्हता. यानंतर त्यांना ऑस्ट्रेलियाकडून पुन्हा एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

तेरा बळी घेणाऱ्यास वगळण्याचे कारण काय असावे? १९३६-३७ च्या मोसमात संघाचे नेतृत्व ब्रॅडमन यांच्याकडे आले. ग्रिमेट यांचा लेग-ब्रेक पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे त्यांचे मत होते असे सांगतात. ते मत प्रामाणिक नव्हते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु वय चव्वेचाळीस, पुढे शेहेचाळीस, हा आकडा त्या मतामागे उभा होता, हे नाकारणे कठीण आहे. १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांच्याऐवजी फ्रँक वॉर्ड यांची निवड झाली. ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत वॉर्ड यांनी १४२ धावा देऊन एकही बळी मिळविला नाही, व त्या दौऱ्यात त्यांना दुसरा कसोटी सामना मिळाला नाही. ओव्हलवर इंग्लंडने ७ बाद ९०३ धावा केल्या. तेथे फ्लीटवुड-स्मिथ यांना एका बळीसाठी २९८ धावा मोजाव्या लागल्या. ग्रिमेट असते तर काय झाले असते, हा तर्क इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे, म्हणून तो येथे करीत नाही. त्यांचे जुने सहकारी बिल ओ'रायली यांनी मात्र तो आयुष्यभर केला.

या वगळलेल्या गोलंदाजास जतने बोलाविले, आणि तेथे त्यांच्या हाताखाली आला तो सांगलीचा एक तरुण.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. मध्यम गतीची गोलंदाजी आणि फलंदाजी या दोन्हींत त्यांना गती होती, परंतु त्यांचा फलंदाजीचा पवित्रा पुस्तकी नियमांत बसणारा नव्हता. पाय फाकवून, बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून ते उभे राहत. कोणाही शिस्तप्रिय शिक्षकाने पहिल्याच दिवशी दुरुस्त करावी अशीच ती ढब होती. ग्रिमेट यांनी ती मोडण्याचा आग्रह धरिला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते जतच्या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. एखाद्या तरुण शिक्षकाला आपली विद्या दाखविण्याचा मोह पडला असता. ज्याने स्वतः चौदा-पंधरा वर्षे जगाच्या निरनिराळ्या मैदानांवर शेकडो फलंदाजांचे पाय, मनगटे आणि चुका जवळून पाहिल्या होत्या, त्याला कोणता दोष घातक आणि कोणता निव्वळ दिसण्यापुरता, हे कळत होते. त्यांची अर्धी विद्या म्हणजे फलंदाज कसा फसतो याचे ज्ञान. तेच ज्ञान उलटे करून शिकविले की फलंदाज घडतो.

येथे क्षणभर जत सोडून पुण्याकडे वळले पाहिजे, कारण हजारे यांच्या जडणघडणीत दुसऱ्या एका 'म्हाताऱ्या' खेळाडूचा वाटा आहे, आणि हे दोघे परस्परांचे समवयस्क आहेत. ग्रिमेट यांच्या जन्मानंतर केवळ वीस दिवसांनी, १४ जानेवारी १८९२ रोजी, पुण्यात दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म झाला. प्रा. देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक. १९११ पासून ते पहिल्या दर्जाचे सामने खेळत होते. १९२६ साली गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ भारतात आला, तेव्हा मुंबईत त्याच्याविरुद्ध देवधरांनी १४८ धावा काढल्या. हिंदी क्रिकेट कसोटीच्या दर्जाचे आहे हा विश्वास ज्या काही खेळींमुळे निर्माण झाला, त्यांत सी. के. नायडू यांच्या १५३ धावांबरोबर या खेळीची गणना करावी लागते. मात्र प्रत्यक्ष कसोटीचा मान मिळून १९३२ साली पहिला भारतीय संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. ते वयस्क ठरले आणि मागे राहिले. एकही कसोटी सामना त्यांच्या नावावर नाही.

वयाविषयीची ही भूमिका त्या काळी सुसंगत होती असेही म्हणता येत नाही. १९३५-३६ साली पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाने जॅक रायडर यांचा ऑस्ट्रेलियन संघ भारतात आला. रायडर स्वतः सेहेचाळीस वर्षांचे, मॅकार्टनी एकोणपन्नास, आणि आयर्नमाँगर तर त्रेपन्न! या संघाशी झालेल्या चार अनधिकृत कसोटी सामन्यांत भारताला दोन जिंकता आले, दोन हरावे लागले. म्हणजे पन्नाशीच्या आसपासचे परदेशी खेळाडू आपल्या तरुणांना तोलामोलाचे ठरत होते, त्याच वेळी आपल्याकडील चाळीस-बेचाळीसचा फलंदाज निवडीच्या दृष्टीने संपलेला होता.

देवधरांना रंगभूमी मिळाली ती प्रांतिक क्रिकेटमध्ये. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या बाबतीत एक प्रथा आहे. मोठ्या लीगमधून बाहेर पडलेला नामांकित खेळाडू लीगबाहेरच्या एखाद्या लहान गावाच्या संघात खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी नात्याने उतरतो. इंग्लंडचा मध्यआघाडीचा खेळाडू टॉमी लॉटन १९५६ साली आर्सेनल सोडून केटरिंग टाउन या संघाकडे असाच गेला, आणि पहिल्याच मोसमात त्याने त्या संघास सदर्न लीगचे विजेतेपद मिळवून दिले. लॉटन तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. तिकडे अशा उतरणीकडे थोड्या करुणेने पाहिले जाते. मोठ्या मैदानावरील माणूस लहान मैदानावर आला, ही भावना तिच्यामागे असते. महाराष्ट्राच्या संघातील देवधरांविषयी ती भावना लागू पडत नाही. त्यांना वरून खाली यावे लागले नाही. वरचा दरवाजाच त्यांच्यासाठी उघडला नव्हता. शिवाय रणजी करंडकाच्या त्या पहिल्या दशकात प्रांतिक सामना हाच बहुतेक भारतीय खेळाडूंच्या कारकिर्दीचा कळस असे. महायुद्धामुळे तर १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारताला एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. अशा काळात 'वरचे' आणि 'खालचे' क्रिकेट ही भाषाच फसवी होते.

१९३९-४० च्या मोसमात देवधरांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्राच्या संघात हजारे होते. पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक. त्यात नगरवाला यांच्यासह नवव्या जोडीसाठी झालेली २४५ धावांची भागीदारी आहे, आणि ती ध्यानात घेण्याजोगी आहे. आठ गडी बाद झाल्यावर शेपटाच्या फलंदाजाला हाताशी धरून एवढ्या धावा जोडणे हे नुसत्या कौशल्याचे काम नव्हे. त्यास चित्ताची एक विशिष्ट स्थिरता लागते. पुढे जगभर हजारे ज्या गुणासाठी ओळखले गेले तो हाच. त्या मोसमात महाराष्ट्राने अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा पराभव करून करंडक प्रथमच जिंकला. पुढच्या मोसमात मद्रासला हरवून तो राखला. दोन्ही वेळी कर्णधार देवधर.

त्याच १९३९-४० च्या मोसमात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, जतहून परतलेले ग्रिमेट दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी खेळत होते. अठ्ठेचाळिसावे वर्ष लागलेल्या आणि नंतर पूर्ण झालेल्या या गोलंदाजाने त्या मोसमात ७३ बळी घेतले. निवडसमितीने ज्याला दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला नेण्यास नाकारले होते, त्याने कसोटीच्या खालच्या पायरीवरून दिलेले हे उत्तर होते. युद्धामुळे ते ऐकण्यास फारसे कोणी मोकळे नव्हते.

१९४०-४१ साली पुण्यात मुंबईविरुद्ध झालेल्या सामन्यात देवधरांनी २४६ धावा काढल्या. वय अठ्ठेचाळीस. ही खेळी महाराष्ट्रात दंतकथेसारखी सांगितली जाते, म्हणून तिच्याकडे थोडे सावधपणे पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्राने त्या डावात ६७५ धावा केल्या आणि मुंबईने उत्तरादाखल ६५०. रांगणेकर यांनी मुंबईकडून २०२ धावा काढल्या. सामना पहिल्या डावातील पंचवीस धावांच्या आघाडीवर निकालात निघाला. दोन संघ मिळून पहिल्या दोन डावांतच तेराशेहून अधिक धावा काढतात, तेव्हा खेळपट्टी गोलंदाजाला काही देत नव्हती हे उघड आहे. पुण्याची ती खेळपट्टी फलंदाजांना आंदण दिल्यासारखीच होती, असे म्हटले तर देवधरांचा अवमान होणार नाही.

तरीही एक गोष्ट उरते. त्या खेळपट्टीवर इतरांनाही खेळावयाचे होते, आणि दोन्ही संघांतील तरुणांपेक्षा सर्वांत जास्त धावा अठ्ठेचाळीस वर्षांच्या प्राध्यापकाच्या होत्या. इतक्या धावांसाठी दिवसाहून अधिक काळ उन्हात उभे राहावे लागते, दुसऱ्याच्या धावांसाठीही तितकेच पळावे लागते. धावफलक हे इतिहासाचे मोठे प्रामाणिक साधन आहे, पण त्यात एक उणीव आहे: तो खेळाडूचे वय सांगत नाही. २४६ हा आकडा पंचविशीतल्याचा की पन्नाशीतल्याचा, हे बाहेरून आणून जोडावे लागते. निवडसमितीच्या बैठकीत नेमके उलटे घडत असे. तेथे वय ठळक असे आणि धावा बाहेरून आणाव्या लागत.

पन्नाशी ओलांडल्यावरही देवधर थांबले नाहीत. १९४४-४५ च्या मोसमात नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली, १०५ आणि १४१. एकूण ८१ सामन्यांत ४५२२ धावा आणि नऊ शतके, असा त्यांचा पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधील हिशेब आहे. त्यातील सर्वोच्च खेळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षीची आहे. (या बाबतीत देवधर एकटे नव्हते. कर्नल नायडू १९५६-५७ साली एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले आणि राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा काढल्या. त्या पिढीच्या शरीरसंपत्तीचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.)

आता हजारे यांच्याकडे परत येऊ. ग्रिमेट आणि देवधर या दोघांकडून त्यांना काय मिळाले, याचे वजन तराजूत घालून सांगता येणार नाही. शिष्याचे यश गुरूच्या खात्यावर मांडण्याची आपल्याकडील जुनी सवय इतिहासलेखनात टाळलेली बरी. पण हे निश्चित म्हणता येते की, वयाच्या तेविसाव्या ते सव्विसाव्या वर्षांत, म्हणजे फलंदाजाचा स्वभाव पक्का होण्याच्या काळात, त्यांचा सहवास आपापल्या देशाच्या निवडीत 'संपलेल्या' दोन माणसांशी होता, आणि त्या दोघांनीही खेळणे थांबविलेले नव्हते. १९४३-४४ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत हिंदू संघाविरुद्ध 'शेष' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. या डावात त्यांचे बंधू विवेक यांच्यासह त्रिशतकी भागीदारी झाली, तीत विवेक यांच्या धावा अवघ्या एकवीस. एका टोकाला दुसरा कोणी टिकला की पुरे, बाकीचे मी पाहतो, अशा वृत्तीची ही खेळी आहे.

युद्ध संपल्यावर १९४६ साली लॉर्ड्‌सवर हजारे पहिला कसोटी सामना खेळले. वय एकतीस. ग्रिमेट यांच्या पदार्पणाच्या वयाशी दोनच वर्षांचा फरक. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे लिंडवॉल आणि मिलर यांच्याविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकाविली, ११६ आणि १४५. कसोटीत असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. भारत तो सामना डावाने हरला, परंतु ती दोन शतके पराभवातून वेगळी काढून ठेवावी अशी आहेत. ॲडलेड हे ग्रिमेट यांचे गाव. जतला पाहुणा म्हणून आलेल्या माणसाच्या घरच्या मैदानावर जतचा शिष्य असा उभा राहिला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ८ मार्च १९४८ रोजी, जत संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, त्यात जत तालुका म्हणून समाविष्ट झाले. १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली ठेवण्यात आले.

राजाश्रयाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. संस्थानिकांच्या मर्जीवर खेळाडूचे पोट अवलंबून असे, आणि मर्जी फिरली की मैदानही फिरे. हजारे यांनाही मध्य हिंदुस्थान, महाराष्ट्र आणि बडोदा असे संघ बदलावे लागले. १९४१ नंतर बडोद्याच्या आश्रयाने ते तेथेच स्थिरावले, आणि महाराष्ट्राचा संघ आपल्या सर्वश्रेष्ठ फलंदाजास कायमचा मुकला. परंतु या अनियमित व्यवस्थेला एक फट होती. निवडसमितीला वयाचा नियम होता, संस्थानिकाला नव्हता. त्या फटीतून ग्रिमेट जतला आले. प्रांतिक संघालाही तो नियम फार काटेकोरपणे पाळावा लागत नसे, म्हणून देवधर पुण्यात खेळत राहिले. देवधर पुढे स्वतः राष्ट्रीय निवडसमितीवर गेले, ही त्या कथेतील एक गमतीची गोष्ट म्हटली पाहिजे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारे होते. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द आटोपली: ३० सामने, २१९२ धावा, सरासरी ४७.६५. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते आणि आता त्यांच्याही वयाचा हिशेब होऊ लागला होता. त्यांनी बडोद्याकडून खेळणे चालू ठेवले. १९५७-५८ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात सेनादलाविरुद्ध बडोद्याने डावाने विजय मिळविला, त्यात त्रेचाळिशीच्या आसपासच्या हजारे यांनी २०३ धावा केल्या होत्या. ग्रिमेट त्या वेळी ॲडलेडमध्ये होते, देवधर पुण्यात. दोघांनीही सहासष्ट वर्षे पुरी केली होती.